पुलाच्या अलीकडे

माझ्या नवऱ्याला पडक्या इमारतींचा नाद आहे, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ते हसण्यावारी नेलं असतं, कारण नाद काय, कशाचाही असतो. पण आमचा माणूस रविवारी उजाडता उजाडता बूट चढवतो, गळ्यात कॅमेरा अडकवतो आणि जिथे कुत्रंही फिरकत नाही अशा ठिकाणी जाऊन बंद कारखाने, रिकाम्या चौक्या, गळक्या टाक्या यांचे फोटो काढत बसतो. दुपारी जेवायला परत येतो तेव्हा अंगावर गंज, कोळिष्टकं आणि कबुतरांची घाण. ते कपडे धुवायचे मी.

एरवी तो अगदी सरळमार्गी माणूस. आठवडाभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून शिक्के मारतो. मी बाजारात चष्म्यांचं दुकान चालवते. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्याच्या बदलीमुळे आम्ही या गावात आलो, त्यामुळे इथलं जुनंपानं काही आम्हाला माहीत नाही. त्याला मात्र पहिल्या महिन्यातच इथला प्रत्येक ढासळलेला कठडा पाठ झाला. भाजी कुठे चांगली मिळते हे त्याला आजही विचारू नका.

या नादातला त्याचा जोडीदार म्हणजे मास्तर. तेही बाहेरूनच आलेले, शाळेत भूगोल शिकवतात. पोरांकडून साऱ्या जगाचा नकाशा पाठ करून घेतात आणि स्वतः काल कुठे गेले होते असं विचारलं की मूग गिळून बसतात. त्यांच्या त्या मौनाला कारण होतं. मागे एकदा मास्तरांनी एका बंद पडलेल्या टेलिफोन कचेरीचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली पत्ताही दिला. तिथल्या जिन्याला रंगीत काचा होत्या. पुढच्याच आठवड्यात टोळकी येऊन गेली, काचा फोडल्या, भिंतींतून तारा उपसून नेल्या, उरलेल्या जागेवर आपापली नावं लिहून ठेवली. मास्तर आमच्याकडे येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा होता. मी चहा पुढे केला तर तो तसाच गार झाला.

तेव्हापासून दोघांनी शपथच घेतली. जागा सांगायची नाही, कुणालाही नाही. जागेला नाव द्यायचं ते घरातल्या माणसाचं, म्हणजे पोस्टात फोनवर बोलताना कुणाला पत्ता लागायला नको. रेल्वेची पडकी टाकी झाली आत्याबाई. वाकडी चिमणी झाली जावईबुवा. चुन्याची जुनी भट्टी झाली सासूबाई. एकदा हा फोनवर म्हणत होता, "सासूबाईंची उजवी बाजू पार कलली आहे, या पावसाळ्यात काही टिकत नाहीत." आतल्या खोलीतून खऱ्या सासूबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि परत गेल्या. दोन दिवस त्यांनी त्याच्याशी अबोला धरला. आणखीही एक खबरदारी हे दोघं घेत होते, पण ती मला तेव्हा ठाऊक नव्हती.

आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर त्याने एक फोटो मोठा करून लावला होता. लांबच लांब शेड, जमिनीवर ओळीने लाकडी झाकणं, समोर काचा नसलेली मोठी खिडकी. खिडकीबाहेर नदी, नदीवर डाव्या हाताला पूल, पुलामागे पाण्याची टाकी. दारामागच्या खिळ्याला कुणा कामगाराचा जुना कोट लटकलेला. कोटाची बटणं बायकांच्या कपड्यांना असतात त्या बाजूला होती. मी म्हटलं, "इथे एक बाई कामाला होती बरं का. सगळे गेले आणि तिचा कोट राहिला." तो गालातल्या गालात हसला. जागेचं नावही मग मीच ठेवलं: थोरली मावशी. मला ती आवडायची. जेवताना मी तिच्याबद्दल काहीबाही रचायची. ती कडक असेल, डबा कुणाला वाटून खात नसेल. तो ऐकून घ्यायचा.

ही जागा त्याने मास्तरांनाही दाखवली नव्हती. मास्तर जेवायला आले की त्या फोटोसमोर उभे राहून नुसते धुमसायचे. "वहिनी, तुम्हाला तरी माहीत असेल." मी म्हणायची, "मास्तर, मला घरातली किल्ली कुठे आहे तेही सांगत नाहीत, जागा कुठली सांगायला." हे मी थट्टेत म्हणायची, पण त्यात थोडं खरं होतं आणि ते मला लागायचं.

त्या रविवारी बाहेर धुकं होतं. त्याने दारातून सांगितलं, "थोरल्या मावशीकडे जाऊन येतो. जेवायला आहेच." मी अंथरुणातूनच हुं म्हटलं.

जेवणाची वेळ टळली. आधी मला राग आला. फोन लावला तर बंद. मी सासूबाईंना वाढलं, स्वतः बसले, त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मनातल्या मनात त्याला ऐकवायची वाक्यं जुळवू लागले. सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी एकदा झाडावर जाऊन बसला होता दिवसभर. भूक लागली की येतो तो." पण त्याही सारख्या दाराकडे बघत होत्या. उन्हं कलली तशी माझी वाक्यं संपली. मी मास्तरांना फोन केला.

मास्तर तसेच स्कूटर काढून आले. आधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथला साहेब म्हणाला, "मोठा माणूस आहे, बाई. येईल रात्रीपर्यंत. फोन शेवटचा ज्या टॉवरला लागला तो नदीच्या दोन्ही काठांना पुरतो. अशी पडकी शेडं दोन्हीकडे ढिगाने आहेत. नक्की कुठे शोधायचं ते सांगा, माणसं देतो." मी म्हटलं, तेच तर कुणाला माहीत नाही. माझा नवरा कुठे गेला हे मला माहीत नाही, असं परक्या माणसासमोर म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मास्तर भिंतीवरच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले. त्यांचा स्वभावच बदलला. वर्गात असतील तसे झाले.

"वहिनी, तो फोटो काढतो तो सकाळीच ना?"

"सकाळीच. दुपारी जेवायला घरी."

"म्हणजे ऊन पूर्वेकडून. फोटोत ऊन डावीकडून आलंय, म्हणजे डावीकडे पूर्व. मग समोर दक्षिण. नदी समोर, म्हणजे शेड नदीच्या उत्तरेला. पुलापलीकडचा काठ." त्यांनी बोट त्या झाकणांवर ठेवलं. "आणि ही झाकणं बघा. खाली हौद आहेत. रंगाचा कारखाना असणार. रंगाची जुनी शेडं सगळी पलीकडेच आहेत. पूल डाव्या हाताला, म्हणजे पूल ओलांडून नदीच्या वरच्या अंगाला जायचं."

ते इतकं स्वच्छ होतं की मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. आम्ही पूल ओलांडला.

पलीकडच्या काठावर रंगाच्या कारखान्यांची रांगच होती. एकेका शेडात शिरायचं, हाक मारायची, थांबून कानोसा घ्यायचा, पुढे जायचं. काही ठिकाणी छत होतं, काही ठिकाणी नुसत्या भिंती. हौद होते, पण त्यांच्यावर झाकणं नव्हती. खिडक्या होत्या, त्यांतून पूलही दिसायचा, पण त्याच्यामागे टाकी नसायची. "पुढच्यात असेल," मास्तर म्हणायचे. पुढच्यातही नसायचं. शेवटी मी नदीच्या अगदी कडेला गेले आणि जीव खाऊन त्याच्या नावाने ओरडले. पाण्याचा आवाज मोठा होता. समोरच्या काठावर, आमच्या गावाच्या बाजूला, नुसतं झुडपांचं रान दिसत होतं आणि त्यातून डोकावणारं एखादं पत्र्याचं टोक. मी ओरडत राहिले. अंधार पडू लागला तेव्हा मास्तरांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "वहिनी, चला. सकाळी पोलिसांना घेऊन येऊ." मी गेले. ती रात्र कशी गेली ते मी सांगणार नाही.

सकाळी पोलिसांनी फोटोची प्रत मागितली. प्रती काढणाऱ्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे आणि ते अजून उघडलं नव्हतं. मी भिंतीवरची फ्रेम काढून घेऊन गेले, माझं शटर वर केलं आणि फ्रेम काउंटरवर उभी करून शेजारचं दुकान उघडायची वाट बघत बसले. चष्म्याच्या दुकानात चोहीकडे आरसे असतात. माझी नजर समोरच्या आरशात गेली.

आरशात पूल उजव्या हाताला होता. पुलामागे पाण्याची टाकी, तिच्या डोक्यावर एका बाजूला झुकलेली वीजरोधक सळई. ती सळई मी रोज बघते. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलं की नदीकडे तोंड केल्यावर हेच दिसतं, अगदी असंच. पूल उजवीकडे, टाकी मागे, सळई झुकलेली. मी मान वळवून फोटोकडे पाहिलं, पुन्हा आरशाकडे पाहिलं. खिळ्यावरच्या कोटाची बटणं आरशात पुरुषांच्या बाजूला आली होती. थोरली मावशी कधी नव्हतीच. तो कुणा बाप्याचा कोट होता आणि फोटो उलटा होता.

मी मास्तरांना फोन केला. "फोटो उलटा आहे. डाव्याचं उजवं केलंय."

 मग ते म्हणाले, "इंटरनेटवर टाकताना आम्ही उलटा करूनच टाकतो, वहिनी. म्हणजे बघणाऱ्याला जागा सापडत नाही. ही युक्ती माझीच. पण घरातला... घरातल्या भिंतीवरचा फोटो कोण उलटा लावतं?"

"तुमच्यासाठी लावला असेल," मी म्हटलं. "तुम्ही समोर बसून धुमसत होता ना." हे मी म्हणायला नको होतं. पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता.

पूल ओलांडायचाच नव्हता. आमच्याच काठावर, पोस्टामागच्या कच्च्या रस्त्याने वर गेलं की झुडपांचं रान लागतं, त्याच्या आत शेड. आदल्या दिवशी मी ज्या कडेला उभी राहून ओरडत होते, त्याच्या बरोबर समोर. पोलिसांबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या शिपायाने बघताक्षणी सांगितलं की हा बर्फाचा जुना कारखाना. जमिनीखाली मोठा हौद असतो, त्यात मिठाचं पाणी, पाण्यात बर्फाचे लोखंडी डबे उभे केलेले आणि वरून लाकडी झाकणं; माणसं त्या झाकणांवरूनच चालायची. आता ती कुजली होती. ओळीतलं एक झाकण मोडून आत गेलं होतं.

तो खाली होता. एक पाय दोन गंजक्या डब्यांच्या मधे मांडीपर्यंत अडकलेला, कमरेशी घाण पाणी, ओठ निळे. शुद्धीत होता. मला पाहून म्हणाला, "आलीस?" जशी काही मी उशिराच्या बसने आले होते. डबे कापून त्याला बाहेर काढेपर्यंत मी वरून त्याचा हात धरून पालथी पडून होते. मास्तर बाजूला उभे राहून सारखे चष्मा पुसत होते.

पाय गेला. गुडघ्याखालून कापावा लागला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाकावर मी आणि मास्तर दोघंच होतो. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना अजून गोष्टी गिळायची सवय झालेली नव्हती. ते म्हणाले, "रक्त फार वेळ अडून राहिलं. काल संध्याकाळी आणलं असतं तर बहुतेक वाचवता आला असता." मग त्यांच्या लक्षात आलं असावं, ते औषधांबद्दल बोलू लागले. मला त्यातला एक शब्द कळला नाही. काल संध्याकाळी आम्ही त्याच्या बरोबर समोर होतो, मधे फक्त नदी होती.

मला इतका राग आला होता की बसवत नव्हतं. मास्तरांचा राग, त्यांच्या हुशारीचा राग, पण सगळ्यात जास्त त्या आत पडलेल्या माणसाचा. जगापासून लपवायचं ते लपव. पण मी रोज ज्या भिंतीसमोर बसून जेवते तिथेही खोटं लावतोस? मी त्या कोटावर इतकं रचत होते, आणि तू हसत होतास. मी ठरवलं, शुद्धीवर आला की हे त्याला ऐकवायचं. तुझा पाय तू घालवलास. आजवर मी त्याला खरं तोंडावर सांगत आले होते, ते आता का सोडायचं.

दुसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला. मी पलंगाजवळ स्टुलावर होते, मास्तर खिडकीशी. पायाचं त्याला सांगून झालं होतं. तो चादरीच्या त्या सपाट भागाकडे बघायचं टाळत होता. छताकडे बघतच त्याने विचारलं,

"इतका उशीर का झाला गं?"

आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"म्हणजे काय आहे," तो म्हणाला, "मी घाबरलो नव्हतो फारसा. म्हटलं, जागा कुणाला सांगितली नाही, पण फोटो घरातच आहे. टेबलावरच. खिडकीतून पूल स्वच्छ दिसतो. ही बघेल, मास्तर आहेतच, ते लगेच काढतील जागा. मी पडल्या पडल्या मोजत होतो, आता ताट झाकलं असेल, आता मास्तरांना फोन केला असेल. आणि संध्याकाळी तुझी हाक आलीच. खरंच आली. मी ओरडलो, पण पाण्यापुढे आवाज जाईना. मग हाका थांबल्या."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे. फोटो उलटा आहे हे त्या माणसाला आठवतच नव्हतं. नंतर मास्तरांनी मला सांगितलं की कॅमेऱ्यातून फोटो काढला की दोघं आधी तो उलटा करतात आणि मूळ प्रत पुसून टाकतात, चुकून बाहेर जायला नको म्हणून. त्यामुळे त्याच्यापाशीही उलटाच फोटो होता आणि तोच बघून बघून त्याला खरा झाला होता. त्या हौदात अडकून तो त्याच फोटोच्या भरवशावर होता.

मास्तर खिडकीपासून पुढे आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "अरे, त्याचं असं झालं," ते म्हणाले, "तो फोटो..."

"मी रस्ता चुकले," मी म्हटलं.

मास्तर थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मास्तर सांगत होते अलीकडे बघू म्हणून," मी म्हटलं. "मीच ऐकलं नाही. मला वाटलं पलीकडचा काठ. मी त्यांना ओढून पुलापलीकडे नेलं. फोटोत पूल कुठल्या हाताला आहे ते मी नीट पाहिलंच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी दिवसभर लोकांचे उजवे-डावे डोळे तपासून पोट भरते. हे त्याच्या लक्षात येईल, तो हसेल आणि म्हणेल की काहीतरी लपवतेस, असं मला वाटलं. थोडी आशाही होती. पण तो थकलेला होता आणि त्याला कारण हवं होतं, ते मिळालं होतं.

"तुला घाईच फार," तो म्हणाला.

"हो."

"जरा थांबून पाहिलं असतंस तर..." पुढचं त्याने गिळलं. त्याचे डोळे पहिल्यांदाच चादरीच्या त्या भागाकडे गेले आणि तिथेच राहिले. मास्तर बाहेर निघून गेले. व्हरांड्यात त्यांच्या चपला भरभर वाजत गेल्या. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, कालपासून जुळवलेलं, एकेक वाक्य धार लावून ठेवलेलं. मी दात आवळून बसले.

मग त्याने सलाइन लावलेला हात चादरीवरून सरकवत माझ्यापर्यंत आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंस. मनाला लावून घेऊ नकोस."

त्याने मला माफ केलं होतं. अगदी मनापासून. मी मान हलवली आणि ती माफी घेतली.